सत्तावीस तारखेची काठी

अनुदानाच्या अर्जात एकूण एकेचाळीस रकाने होते, आणि त्यांतले चाळीस भाऊसाहेबांनी दुपारच्या चहाच्या आत भरून टाकले होते. शहराची लोकसंख्या, रोजचा कचरा, त्यात ओला किती, सुका किती, मोकाट कुत्री किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. जे पाठ नव्हतं ते मागच्या अर्जातून उतरवता येत होतं, आणि मागच्या अर्जात ते त्याच्या मागच्या अर्जातून आलेलं होतं. एकेचाळिसाव्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. 'केंद्रात आलेल्या मोठ्या टाकाऊ वस्तूंची तारीखवार, वस्तुवार, वजनासह नोंदवही. तीन महिन्यांची. तपासणीच्या दिनांकापर्यंत पूर्ण. प्रत सोबत जोडावी.'

नोंदवही नव्हती. म्हणजे, वही होती. 'या वहीत एक ते दोनशे पाने आहेत असे प्रमाणित करण्यात येते' हे तिच्या पहिल्या पानावर खुद्द भाऊसाहेबांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पुढची एकशे नव्व्याण्णव पानं कोरी होती.

भाऊसाहेब म्हणजे नगरपालिकेच्या सफाई खात्याचे हेडक्लार्क. पुनर्वापर केंद्र म्हणजे शहराच्या टोकाची एक पत्र्याची शेड. आत एक वजनकाटा, हाताने कचरा वेगळा करणाऱ्या अकरा बायका, आणि चार वर्षांपूर्वी बंद पडलेला एक सरकता पट्टा, ज्याच्यावर त्या बायका आपले डबे ठेवत. अनुदान मिळालं तर नवा पट्टा, गठ्ठे बांधायचं यंत्र आणि न गळणारं छप्पर येणार होतं. नाही मिळालं तर वर्षअखेर शेडला कुलूप, हे वरून स्पष्ट कळवण्यात आलं होतं.

आता गंमत अशी, की अर्ज तीन तारखेला पोचायला हवा होता आणि तपासणी त्याच महिन्याच्या सत्तावीसला होती. म्हणजे अजून न उजाडलेल्या चोवीस दिवसांचा कचरा आधीच वहीत असायला हवा होता. ज्याने हा रकाना आखला त्याला हे दिसलं नसेल असं नाही. पण प्रत्येक कचेरीत एक भाऊसाहेब असतो, हेही त्याला माहीत असणार.

"भाऊसाहेब, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते," साहेब म्हणाले. हे खरंच होतं. ती कचेरीतही लागत असे.

आगाऊ नोंद हा तिथे गुन्हा नव्हता, शिस्त होती. खात्याच्या जीपचं लॉगबुक एक तारखेलाच महिनाअखेरपर्यंत लिहून होत असे, आणि जीपने आजवर लॉगबुकाला कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. तेव्हा भाऊसाहेबांनी वही घरी आणली, चार वेगवेगळी पेनं घेतली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी शनिवार-रविवार बैठक मारली.

खोटं लिहायचं तर मोघम लिहू नये, असा त्यांचा दंडक. 'खुर्ची, एक' हे कोणीही लिहील. भाऊसाहेबांनी येत्या चार तारखेला लिहिलं, 'लाकडी खुर्ची, डावीकडचा पुढचा पाय मोडलेला, जागी वीट बांधलेली. एक. चार किलो दोनशे.' सहा तारखेला, 'पक्ष्याचा पिंजरा, दार नसलेला. एक. नऊशे ग्रॅम.' मागच्या दोन महिन्यांची पानं त्यांनी अशीच झरझर भरली होती. पण रविवारी दुपारी कल्पनाशक्ती आटली, तसे ते घरातच इकडेतिकडे बघायला लागले. वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तरांचं घड्याळ ठोके देत होतं; ते अकरा तारखेला गेलं, 'आठ वीसला बंद पडलेले'. बायकोची ट्रंक, आतेभावाने दिलेला पंखा, सगळ्यांची वर्णी लागली. शेवटी एकच ओळ उरली, सत्तावीस तारखेची. समोर आई पेपर वाचत बसली होती. तिची काठी टेबलाला टेकलेली होती.

'चालायची काठी, काळी, मुठीला निळे कापड गुंडाळलेले. एक. सहाशे चाळीस ग्रॅम.'

भाऊसाहेबांनी टीपकागद फिरवला आणि आळस दिला. काठी त्यांनी उचलूनही पाहिली नव्हती. सहाशे चाळीस हा आकडा पेनातून आपोआप आला होता.

प्रत अर्जासोबत गेली. मूळ वही शेडमध्ये गेली. आणि चार तारखेला बारा वाजता कचेरीतला फोन वाजला. वजनकाटा सांभाळणारी बाई होती, जिला सगळं खातं काट्याबाई म्हणत असे.

"भाऊसाहेब, तुमची खुर्ची आली."

"कसली खुर्ची?"

"चार तारखेची. वीट बांधलेली. टिक केली मी वहीत."

भाऊसाहेबांना बाईचं कौतुक वाटलं. छप्पर गळत असलं की माणसाला बुद्धी सुचते! तपासणीत वही आणि माल जुळावा म्हणून कुठून तरी मोडकी खुर्ची पैदा करून तिने वीट बांधली असणार. "शाबास," ते म्हणाले. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग तिने फोन ठेवला.

सहा तारखेला पिंजरा आला, तेव्हा ते स्वतः बघायला गेले.

भर दुपार होती. तरी शेडमध्ये शिरल्यावर त्यांना मफलर आणायला हवा होता असं वाटलं. अकराही बायका ओळीने बसून काम करत होत्या, पण एरवी बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येणारी त्यांची बडबड बंद होती. प्लॅस्टिकच्या बाटल्या ढिगावर पडत होत्या, तेवढाच आवाज. पिंजरा भिंतीपाशी एकटा ठेवलेला होता. दार नव्हतं. आणि आतल्या दांडीला एक हिरवं पीस चिकटलं होतं.

भाऊसाहेब पिसाकडे बघत राहिले. पिंजरा लिहिताना त्यांच्या मनात आलं होतं, की हा पोपटाचा असणार, एखादं पीस राहिलंही असेल. जागा कमी होती म्हणून लिहिलं नव्हतं.

"हे पीस?"

"त्यातच होतं," काट्याबाई म्हणाली.

"वहीत नाहीये ते."

"नाहीये. तुमच्या मनात होतं का?" चहात साखर किती, हे विचारावं तसं तिने विचारलं.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "कोण आणतं हे सगळं? खरं सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

"लोक आणतात. रोज निराळे. पिंजरेवाली बाई चांगली शिकलेली होती. ठेवला आणि उभी राहिली बराच वेळ. म्हणाली, का टाकतेय कळत नाही हो, पण आज टाकायलाच हवा असं उठल्यापासून वाटतंय." काट्याबाईने वहीचं पान उलटून बोट ठेवलं. "उद्या ट्रंक आहे. ती जड आहे, दोघीजणी लागतील."

ट्रंक आली. भाऊसाहेब संध्याकाळी घरी पोचले तर बायको रिकाम्या कोपऱ्यात झाडू मारत होती.

"अहो, ती ट्रंक मी देऊन टाकली. बरेच दिवस डोळ्यांत खुपत होती."

"बरेच दिवस?"

"म्हणजे... आज सकाळपासून," ती म्हणाली, आणि झाडू हातात धरून क्षणभर विचारात पडली.

तरीही भाऊसाहेबांनी हिंमत सोडली नाही. तीस वर्षं सरकारी काम केलेला माणूस योगायोगाला भीत नाही. तो फक्त लेखी आदेशाला भितो. पण अकरा तारखेला सकाळी जिन्यात मास्तर भेटले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, एखादं आजारी मूल घेतल्यासारखं.

"छत्तीस वर्षं चाललं हो भाऊसाहेब. आज सकाळी थांबलं."

"किती वाजता?" भाऊसाहेबांनी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"आठ वीसला. शेडमध्ये देऊन येतो."

"दुरुस्त करा की! इतकं जुनं घड्याळ!"

"हीसुद्धा हेच म्हणाली." मास्तरांनी चेहरा कसनुसा केला. त्यांनी चाळीस वर्षं वर्गात उत्तरं मागितली होती, आणि आज त्यांच्याजवळ एकही नव्हतं. "पण नाही, टाकायलाच हवं असं वाटतंय."

मास्तर खाली गेले. भाऊसाहेब तिथेच पायरीवर बसले. त्यांना सत्तावीस तारीख आठवली होती.

काठी कोणी उगाच टाकत नाही. खुर्ची मोडते, घड्याळ थांबतं, पंखा जळतो. काठीला काही होत नाही. काठी घराबाहेर जाते ती तिचा धनी गेल्यावर. चार-आठ दिवस ती कोपऱ्यात तशीच उभी राहते, कोणाच्याने हात लाववत नाही, आणि मग एका सकाळी कोणीतरी मान फिरवून ती उचलतं. हेडक्लार्कच्या डोक्याने लगेच वजाबाकी केली. सत्तावीसातून सात गेले. वीस.

ते घरात गेले. आई पेपरमधल्या निधनवार्ता वाचत होती. हा तिचा रोजचा विरंगुळा. "हा बघ," ती चष्मा वर करून म्हणाली, "माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लोकांना घाई फार."

भाऊसाहेब थेट कचेरीत साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, नोंदवहीत एक ओळ दुरुस्त करायची आहे."

साहेबांना खडबडून जाग आली. "खाडाखोड? प्रत तिकडे गेलीय भाऊसाहेब. मूळ आणि प्रत जुळली नाही तर अनुदान गेलंच, वर चौकशी लागेल, वही कोणी लिहिली, कधी लिहिली. तुमची तीन वर्षं राहिलीत ना निवृत्तीला? ओळ कसली आहे?"

"काठीची."

"एका काठीसाठी?" साहेब हळहळले. "आणि चुकीची आहे कशावरून? अजून सत्तावीस उजाडायचीय."

या वाक्यातली तर्कशुद्धता भाऊसाहेबांना एरवी आवडली असती. शेडमधल्या अकरा बायका त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या, आणि कुलूप आलं, आणि मग आई आली. तिघांना एकाच ओळीत कसं बसवावं हे कुठल्याच नियमात नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर सांगायचं म्हणून राखून ठेवलेली गोष्ट त्यांच्या तोंडून जेवणाआधीच बाहेर पडली. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. रिकाम्या झालेल्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "मग सोपं आहे. सासूबाईंना नवी काठी आणा. जुनी आपणच सत्तावीसला नेऊन टाकू. वहीचं समाधान, त्यांचंही काही जात नाही."

बायकांना व्यवहार कळतो तो असा. भाऊसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी काठी आणली, गुळगुळीत, पितळी मुठीची.

"ही कोणासाठी?" आईने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मी काय पडदा लावायची दांडी घेऊन हिंडू? परत कर."

दुसरी आणली, हलकी, घडी होणारी. आईने ती दोनदा उघडली, दोनदा मिटली, आणि म्हणाली, "जी आपणहून बसते ती मला काय उभी करणार?" तिसरी आणली, अगदी जुनीसारखीच. ती हातात घेऊन आई चार पावलं चालली. भाऊसाहेब पावलं मोजत होते. पाचव्या पावलाला ती वळली. "ठीक आहे. पण माझी जुनी काय वाईट आहे? माझ्या हाताला बसलीय ती. तुला एकाएकी माझ्या काठ्यांचा पुळका कसा आला रे?"

"सहज."

"तू सहज काही करत नाहीस. लहानपणीही शिंकायच्या आधी विचार करायचास."

बातमी जिन्यात फुटली होतीच. ट्रंक, घड्याळ आणि खालच्या शिंप्याचा पुतळा (सोळा तारीख, डावा हात नसलेला) एवढ्यावरून लोकांनी दोन अधिक दोन केले होते. शिंपी आता भाऊसाहेबांना बघून दुकानात आत सरकायचा. समोरची बाई म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्याकडे टाकण्यासारखं काहीच नाही हं, सगळं नवं आहे," आणि दार लावून घेतलं. ज्यांनी वीस वर्षांत कधी नमस्कार केला नव्हता ते वाकून नमस्कार करू लागले. हा मान आयुष्यभर मिळावा असं भाऊसाहेबांना वाटलं होतं, आणि मिळाला तेव्हा त्याला थंडगार वास येत होता.

मास्तरांनी सल्ला दिला, चोरी करा. "आई दुपारी झोपतात ना? काठी उचला, लपवा. सत्तावीसला टाका. नीतीचं म्हणाल, तर ती मी बाजूला ठेवतो."

म्हणून एकोणीस तारखेपासून भाऊसाहेबांनी तीन दिवसांची रजा टाकली. कारण दुहेरी होतं. एक, काठी. दोन, वीस तारीख. वीसला सकाळपासून ते दर पंधरा मिनिटांनी आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन तिची छाती वरखाली होते का बघत होते. दुपारी घरात सगळं इतकं शांत झालं, की वरच्या मजल्यावरून न येणारे ठोकेसुद्धा त्यांना मोजता येत होते. आई झोपली होती. काठी पलंगाखाली भिंतीकडे होती. हेडक्लार्क, वय पंचावन्न, ढोपरांवर रांगत पलंगाखाली शिरले, आणि त्यांच्या हाताला मूठ लागली. मूठ गरम होती. कोणीतरी ती आत्ताच सोडल्यासारखी.

"मेलेय का ते बघतोयस, की काही हरवलंय?" वरून आवाज आला.

भाऊसाहेबांचं डोकं पलंगाच्या पट्टीवर आपटलं. "पेन," ते म्हणाले.

"पेन खिशाला आहे तुझ्या. दोन्ही." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अरे, काठी घ्यायची तर मागून घे. पण देणार नाही."

वीस गेली, एकवीस गेली. आई ठणठणीत होती. पण भाऊसाहेबांना धीर आला नाही. घाईने उचलणारेही असतात जगात, म्हणून त्यांनी वजाबाकीत आता फक्त एकच दिवस धरला. सव्वीसला त्यांनी शेवटचा डाव टाकला. तिसऱ्या काठीच्या मुठीला निळं कापड गुंडाळलं आणि ती शेडमध्ये नेली.

काट्याबाईने काठी हातात घेतली, काट्यावर ठेवली. "सातशे दहा."

"बरं मग?"

"वहीत सहाशे चाळीस आहे."

"बाई, सत्तर ग्रॅमसाठी..."

"मला चालेल हो," ती खाली बघत म्हणाली. "पण परवा मी वैतागून भलतीच एक उशी तुमच्या वहीतली म्हणून टिक केली. संध्याकाळी खरी उशी आली. आणणारा माणूस रडत होता. त्याला आपण का रडतोय ते कळत नव्हतं." तिने काठी परत दिली. "वहीला फसवू नका भाऊसाहेब. मग ती काय करेल ते आपल्याला माहीत नाही. मलाही छप्पर हवंय. पण असं नको."

सत्तावीस तारीख उजाडली. घरातून निघताना भाऊसाहेब आईच्या पाया पडले.

"आज काय आहे?"

"तपासणी."

"कोणाची?" आईने विचारलं. ते चपला घालायला वळले. दारातून त्यांनी बायकोला फक्त एवढंच सांगितलं, "तिच्याजवळून हलू नकोस."

तपासनीस बाई बारीक चणीच्या होत्या आणि पेन्सिल इतकी टोकदार ठेवत, की बघूनच टोचावं. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. चोवीस दिवसांच्या वस्तू भिंतीलगत ओळीने मांडल्या होत्या; तपासनीस बाई एकेक बघत आणि प्रतीवर टिक करत पुढे सरकत होत्या. खुर्ची, विटेसह. पिंजरा. ट्रंक. आठ वीस. एक हात नसलेला पुतळा, ज्याच्यापाशी आल्यावर सगळेच जरा लवकर पुढे गेले. अकरा बायका हात थांबवून बघत होत्या.

"मी बेचाळीस शहरं तपासली," तपासनीस बाई म्हणाल्या. "कुठेच काही जुळत नाही. माल कमी निघतो, वही जास्त. इथे पहिल्यांदाच..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवून आजूबाजूला पाहिलं, आणि कोटाची वरची गुंडी लावली. "शेवटची एक राहिली. काठी."

"येईल," साहेब आत्मविश्वासाने म्हणाले.

घड्याळात साडेअकरा झाले होते. हेडक्लार्कच्या नोकरीत प्रथमच भाऊसाहेब मनोमन नवस बोलत होते, की आपली नोंद खोटी ठरू दे. अनुदान जाऊ दे, चौकशी लागू दे. मग अकरा बायकांकडे त्यांची नजर गेली, आणि नवसही धड बोलता येईना.

पावणेबाराला आवाज आला. टक्. मग थांबून, टक्. बाहेरच्या सिमेंटवरून तो आवाज सावकाश जवळ येत होता. बाटल्यांचा ढीग कोणीही हात न लावता थोडासा घसरला. भाऊसाहेबांना दाराकडे बघायचं नव्हतं. काठी कोणाच्या हातात आहे ते बघायचं नव्हतं. शेजाऱ्याच्या? डॉक्टरांच्या? बायकोच्या?

"बसचा थांबा किती लांब ठेवलाय मेल्यांनी," आईचा आवाज आला.

ती दारात उभी होती. एका हाताशी सून, दुसऱ्या हातात काठी. सूनबाईने नजर चुकवली. "मी सांगितलं सगळं," ती म्हणाली. "तुम्हाला पंधरा दिवस जमलं नाही, मला चहा होईपर्यंत जमलं."

आई सरळ काट्यापाशी गेली. काट्याबाईने न सांगता खांदा पुढे केला, तो धरून आईने काठी काट्यावर आडवी ठेवली. काटा थरथरला आणि थांबला. सहाशे चाळीस.

"पावती," आई म्हणाली.

काट्याबाईने पावती फाडून दिली. आईने ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, घडी करून ठेवली आणि मुलाकडे वळली. "माझी वस्तू मी टाकणार. मी गेल्यावर तुम्ही तोंड पाडून टाकणार होतात, ती मी आज उभी राहून टाकली. त्यासाठी माझ्या पलंगाखाली रांगायची काय गरज होती? आधी विचारलं असतंस तर त्याच दिवशी हो म्हटलं असतं. माणसाच्या घरातलं काही लिहिण्याआधी त्या माणसाला विचारायचं असतं, एवढं तुला कोणी शिकवलं नाही? मीच शिकवायला हवं होतं म्हणा."

तपासनीस बाईंनी टिक केली. पेन्सिलीचं टोक मोडलं. भाऊसाहेबांनी सरळ हात पुढे केला. आईने तो धरला, जोखला.

"हा डुगडुगतो," ती म्हणाली. "घरी ती तिसरी काठी आहे ना? ती काढ. तेवढी बरी होती."

अनुदान मंजूर झालं. पट्टा येणार, छप्पर येणार, यंत्र येणार. अकरा बायकांची बडबड पुन्हा रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागली. साहेबांनी मंजुरीचं पत्र दोनदा मोठ्याने वाचलं आणि तिसऱ्या पानावर आल्यावर भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपली अचूकता त्यांना फार आवडलीय. पहिल्या हप्त्याआधी पुढल्या पाच वर्षांचा अंदाज मागितलाय. तारीखवार. वस्तुवार. त्याच हस्ताक्षरात."

रविवारी सकाळी भाऊसाहेब पुन्हा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. त्यांनी ठरवलं होतं, सरकारी भाषेत एक शब्द असा आहे जो कोणाचंही वाईट करत नाही. निरंक. काही आलं नाही, काही गेलं नाही. पाच वर्षं, प्रत्येक ओळीत निरंक. त्यांनी 'नि' लिहिला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पाच वर्षं ज्या शहरात कोणीच काही टाकत नाही, ते शहर कसलं? त्यांना ते दिसलं. दारं अर्धवट उघडी. दोऱ्यांवर वाळून कडक झालेले कपडे. शेडमध्ये नवा पट्टा आपोआप सरकतोय, त्याच्यावर काही नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नाही.

खाडाखोड चालणार नव्हती. त्यांनी 'नि'च्या पुढे लिहिलं, 'निळी बादली, बूड गेलेली. एक.' आणि घाम पुसला.

मग मात्र ते जपून लिहू लागले. 'मुलीचे बूट, अपुरे पडल्याने. जोड एक.' 'प्लॅस्टर, डाव्या हाताचे, हाड सांधल्यावर कापलेले.' 'कुबड्या, गरज संपल्याने.' 'पाळणा, मूल चालू लागल्याने.' प्रत्येक ओळीआधी ते उठून त्या त्या दारात जाऊन विचारून येत होते. शिंपी आधी आतच सरकला. मग त्याने दबकत चार बोथट कात्र्या सांगितल्या. मास्तरांनी आठ छत्र्या सांगितल्या, कारण छत्री झिजायला माणसाने बाहेर हिंडावं लागतं. समोरच्या बाईंनी दार उघडून, सगळं नवं असल्याचं विसरून, दीड पान सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "माझी इस्त्री लिहा! याच आठवड्यात! म्हणजे नवी आणाल."

आई समोर बसून पेपर वाचत होती. आज तिने निधनवार्तांचं पान उलटून टाकलं होतं.

"आणि माझं काय लिहितोयस?"

"विचारणारच होतो," भाऊसाहेब म्हणाले. "काठीच्या खाली रबराचं टोपण असतं ना, ते. चालून चालून त्याला भोक पडतं, मग ते टाकून नवं बसवायचं. वर्षाला दोन धरलीत. पाच वर्षांची दहा."

आईने बोटांवर हिशेब केला. मग चष्मा वर केला.

"दोनच? मला काय घरात डांबून ठेवणार आहेस? चार लिही."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेनात नीट शाई भरून, एकही अक्षर न हलू देता, त्यांनी वर्षाला चार, पाच वर्षांची वीस, अशा वीस तारखांना वीस ओळी लिहिल्या. शेवटची ओळ वाळेपर्यंत आई थांबली. मग काठी टेकून उठली.

"आता कुठे निघालीस?"

"वीस झिजवायची आहेत ना," आई म्हणाली, आणि जिना उतरू लागली.